कढईवरचा पहारा

मी संशयी आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तीनशे माणसांचं जेवण ठरल्या वेळेला गरमागरम पोचवायचं ओझं ज्याच्या डोक्यावर नाही, त्याला विश्वास ठेवायला काय जातं? आमच्या धंद्यात विश्वास ठेवला की क्रीम नासतं, बर्फ पोचतच नाही, आणि ‘हो हो, चमचे टाकलेत गाडीत’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस नेमका त्याच दिवशी फोन उचलत नाही. म्हणून मी गाडी स्वतः बघते. झाकणं उघडून बघते. आणि माझ्या स्वयंपाकघरात मीठ फक्त मी घालते.

हे मिठाचं जरा समजावून सांगायला हवं. मोठ्या स्वयंपाकात दोन हातांनी मीठ पडलं की सगळं मुसळ केरात. एकजण घालून जातो, दुसऱ्याला वाटतं राहिलंय, तोही सढळ हाताने घालतो, आणि मग खारट रश्श्याचं पातेलं समोर घेऊन दोघं एकमेकांकडे बघत बसतात. माझ्याकडे ती भानगडच नाही. मिठाचा डबा माझ्या ओट्यावर, माझ्या उजव्या हाताशी. आणि दुसरी गोष्ट, कांद्याची मोठी लोखंडी कढई. तिलाही माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, कारण आमचं नाव त्या कांद्याच्या ग्रेव्हीवर चालतं. भाजी असो, कोंबडी असो, नुसती उकडलेली अंडी असोत, ती ग्रेव्ही वर पडली की माणसं बोटं चाटतात. ‘तुमच्या हाताला काय चव आहे हो!’ असं म्हणतात. मी ‘कसचं काय’ म्हणते आणि घरी जाईपर्यंत हवेत असते.

यात सुख कसलं, असं कोणी विचारलं तर सांगते. पाय संध्याकाळी भाकरीसारखे फुगतात, हातावर भाजल्याचे डाग इतके की नवा कुठला नि जुना कुठला ते कळत नाही, आणि स्वतःच्या घरी मी गार वरणभात उभ्यानेच खाते. पण हॉलमध्ये सगळी झाकणं एकदम उघडतात ना, तेव्हा वाफ वर येते आणि इतका वेळ चाललेला कलकलाट क्षणभर बंद होतो. मग फक्त ताटल्यांचा आवाज. मी तेव्हा पडद्यामागे उभी असते. तेवढ्यासाठी मी हे सगळं करते, आणि म्हातारी झाले तरी करीन.

माझ्याकडे माणसं मोजकीच. गाडी चालवतो तो तुफान. हे नाव त्याला मी दिलं, कारण त्याच्याइतका सावकाश चालवणारा माणूस मी पाहिला नाही. भांड्यांना मावशी. फोन आणि ऑर्डरी बघायला आमचे हे. आणि माझ्या शेजारच्या ओट्यावर माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. दप्तर एका स्टुलावर ठेवायची आणि दुसऱ्यावर बसून मटार सोलायची. आता ती माझ्याहून उंच आहे, कांदा माझ्याहून बारीक आणि माझ्याहून भरभर चिरते, आणि मी अजूनही तिला धाकटीच म्हणते. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी जेवण रवाना झालं की ती शिवणाच्या क्लासला जायची. इतके महिने झाले, पण तिने शिवलेला एक रुमाल काही माझ्या दृष्टीस पडला नव्हता. मी तिला त्यावरून चिडवायचेसुद्धा.

तर झालं असं, की ह्यांच्या जुन्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोपाचं जेवण होतं. मंगळवारी संध्याकाळी, एका हॉलवर. जेवणाचं काम टोपीवाल्याकडे होतं. टोपीवाला म्हणजे आमच्याच भागातला दुसरा केटरर. शेफची उंच पांढरी टोपी घालून सगळीकडे फिरतो, बँकेतसुद्धा. त्याच्या जेवणात उंच म्हणावं असं टोपीखेरीज काही नसतं, असं मी चारचौघांत म्हणत आले होते.

दुसऱ्याच्या कामावर जेवायला गेलं की मी आधी टेबलावरची चादर उचलून खाली काय लपवलंय ते बघते. मग भांडी तळाशी गरम आहेत का बघते. हे म्हणाले, “अगं, पाहुणी म्हणून आलीयेस, झडती घ्यायला नाही.” मी ताट वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि थांबले.

ती माझी ग्रेव्ही होती.

माझ्यासारखी नव्हे. माझीच. कांद्याचा तोच गोडवा, आणि घास गिळल्यावर मागे राहणारी ती किंचित कडसर, धुरकट चव. ती चव मी झोपेतही ओळखीन. ती माझ्या जुन्या लोखंडी कढईची, असं मी आजवर समजत होते. ती टोपीवाल्याच्या चकचकीत स्टीलच्या स्वयंपाकघरात आली कशी?

“अगदी तुझ्यासारखी झालीय की गं!” हे म्हणाले आणि आणखी वाढून घ्यायला उठले. इतक्या आनंदाने उठले की माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला.

घरी आल्यावर कपडे न बदलता मी स्वयंपाकघर उघडलं आणि कढई उजेडात उलटी करून बघितली. कोणी खरवडून नेली आहे की काय! वेड्यासारखंच होतं ते, कढई खरवडून कोणी चव चोरत नाही. पण डोक्यात एकदा संशय शिरला की तो कुठे कुठे फिरवून आणील सांगता येत नाही. कढई जशीच्या तशी होती. म्हणजे चव माणसानेच नेली होती, आणि ते माणूस माझ्या चार भिंतींतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तुफान मान खाली घालून चहा पीत होता. मान खाली का? मावशी काल टोपीवाल्याच्या गल्लीतून येताना दिसल्या, असं शेजारीण सहज बोलून गेली. त्या गल्लीत मावशींचं काय काम? ह्यांचा फोन वाजला की हे बाहेर जाऊन बोलत. आधीही बाहेरच जात असत, आत एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. पण आता मी पंखा बंद करून बघितला, तरीही हे बाहेरच गेले. सवय असेल. नसेलही.

मग मी एक युक्ती केली. तुफानला गाडीत पातेली चढवताना हळूच सांगितलं, “ग्रेव्हीत मी हल्ली चिमूटभर जायफळ घालते बरं का, कुठे बोलू नकोस.” मावशींना भांडी घासताना म्हटलं, “कॉफीची पूड घालते थोडी, रंगाला. तुमच्यापाशीच ठेवा.” आणि ह्यांना जेवताना सांगितलं, की खरं गुपित व्हिनेगर आहे. चोर जो असेल तो जाऊन टोपीवाल्याच्या कानाला लागेल, आणि टोपीवाल्याच्या पातेल्यात जे उतरेल त्यावरून मला चोर कळेल. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या दिवशी भांडी जरा जोरातच आपटली.

तुफान म्हणाला, “जायफळाने झोप येते ना मॅडम?” मावशी म्हणाल्या, “कॉफी? म्हणून मला हल्ली झोप लागत नाही होय!” आणि ह्यांनी घास चावता चावता मला विचारलं, “हे तू मला का सांगतेयस?” प्रत्येकाच्या बोलण्यात मला काही ना काही काळंबेरं दिसलं.

धाकटीला मात्र मी काहीच सांगितलं नाही. ती रोज माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असते. तिला थाप मारली असती तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं असतं आणि मला हसू फुटलं असतं. शिवाय तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही. स्वतःच्या डाव्या हातावर कोणी संशय घेतं का?

टोपीवाल्याच्या दुकानात संध्याकाळी जेवणाचे डबे विकत मिळतात. मी गेले असते तर गावभर बोभाटा झाला असता, म्हणून शेजारणीला पाठवलं. शनिवारी तिने डबा आणला. मी दार लावून घेतलं, चमचा भरला, चव घेतली. ना जायफळ, ना कॉफी, ना व्हिनेगर. आणि माझी ग्रेव्हीही नाही. टोमॅटो घालून शिजवलेली खळ होती नुसती. टोपीवाल्याची अस्सल जुनी चव.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी आणखी चक्रावले. मग त्या दिवशी हॉलवर मी खाल्लं ते काय होतं?

मंगळवारी पुन्हा डबा मागवला. हे शेजारीच बसले होते. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. चमचा तोंडात घालायचीही गरज नव्हती, तरी घातला. जायफळ नाही, कॉफी नाही, व्हिनेगर नाही. नुसती मी.

ह्यांनीही बोट बुडवून चाखलं. “मंगळवारी बरं करतात वाटतं त्यांच्याकडे,” हे म्हणाले. “साहेबांचं जेवणही मंगळवारीच होतं.”

ह्यांच्या मनात काही नव्हतं. हे जेवून टीव्ही बघायला गेले. मी तशीच बसून राहिले. मंगळवार आणि गुरुवार. शिवणाचा क्लास. एकही रुमाल नाही.

बुधवारी धाकटी नेहमीसारखी आली, नेहमीसारखे केस बांधले, कांदे ओढले. मी बघत राहिले. तिची सुरी, तिचे हात, ती कुठे बघते, काय लक्षात ठेवते. माझ्याच ओट्यापाशी उभी राहून माझ्याच बहिणीवर पाळत! मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी डोळे हटत नव्हते.

“ताई, बरं नाहीये का?”

“मला काय झालंय? शिवणात काय चाललंय सध्या?”

तिने नवा कांदा पुढे ओढला. “बाह्या.”

“कसल्या बाह्या?”

“फुग्याच्या.”

“कर एखादा ब्लाउज मला. फुग्याचा.”

“करते की,” ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. ते लाल झाले होते. मग कांदा तांबूस झाला, मी बाहेर जाऊन तुफानने गाडीत काय भरलं, काय नाही ते तपासून आले, परत येऊन कढई ढवळली, मीठ घातलं, आणि जेवण रवाना झालं. त्या दिवशी लोकांनी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

गुरुवारी ती “येते गं ताई” म्हणून निघाली. तिला गल्लीचं वळण ओलांडू दिलं आणि मग मी निघाले. तिच्या मागे मागे जायची गरजच नव्हती, रस्ता मला माहीत होता. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं सुरुवातीलाच म्हणायचं ठरवलं होतं. आईचं नाव घ्यायचं, तेही ठरवलं होतं.

टोपीवाल्याचं स्वयंपाकघर टायरच्या दुकानांच्या रांगेमागे आहे. पुढून काचा आहेत, मागून उघडं दार. दाराशी रिकामे क्रेट आणि कांद्याच्या सालींची पोती रचलेली होती. मी पोत्यांच्या आडोशाला उभी राहिले आणि आत बघितलं.

धाकटीच होती. डोक्याला रुमाल, गळ्यात पांढरा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर. “गाजर एवढं जाड का? सांगितलं होतं ना मी?” असं ती कोणावर तरी ओरडली, आणि मला दचकायला झालं, कारण आवाज तिचा असला तरी ओरडणं माझं होतं. चांगला दाढीमिशीवाला गडी मुकाट्याने गाजरं परत घेऊन बसला. दुसरी एक बाई चमचा घेऊन आली. “शेफ, बघता जरा?” धाकटीने चाखलं, डोळे मिटले, आणि मग शेजारच्या डब्यात हात घालून मूठभर मीठ सबंध पातेल्यावर भिरकावलं. वरून, पसरून, न मोजता, अगदी जसं घालायचं असतं तसं. तिला मीठ घालताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मला राग आलाच होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. ती फार छान दिसत होती. माझ्याकडे ती अशी कधीच दिसली नव्हती.

मग ती मोठ्या कढईकडे वळली. स्टीलची, आरशासारखी कढई. त्यात कांदा. तिने एकसारखं ढवळत त्याला गुलाबी केलं, मग बदामी, मग तांबूस. आता एक क्षण हात थांबला की कांदा तळाला धरणार, हे कोणीही सांगेल. आणि नेमकं तेव्हाच तिने कालथा खाली ठेवला, कढईकडे पाठ केली आणि सरळ दाराकडे चालत आली.

मला लपायला वेळच मिळाला नाही. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली, गल्लीकडे बघत, हात एप्रनला पुसत. मग तिला मी दिसले.

“ताई,” ती म्हणाली.

वाटेत ठरवलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. वासे, आई, सगळं. पण तोंडातून निघालं ते असं, “अगं कढई सोडून काय आलीस! कांदा धरेल ना!”

“धरू दे.”

“धरू दे म्हणजे?”

“थोडा धरायलाच हवा,” ती म्हणाली. “नाहीतर तुझ्यासारखी होत नाही.”

मी तिच्या खांद्यावरून आत कढईकडे बघितलं.

“टोपीवाल्यांना तुझी चव हवी होती,” ती म्हणाली. “पहिल्यांदा मी नीट ढवळून केली. चांगली झाली, पण तुझी नव्हती. मग माझ्या लक्षात आलं. ताई, तू रोज कांदा तांबूस झाला की गाडी बघायला जातेस. तुफान काय विसरलाय, काय सांडतोय, काय पळवतोय. तू परत येईस्तोवर तळचा कांदा धरलेला असतो. मग तू घाईघाईने पाणी मारतेस आणि ढवळतेस. तीच ती चव.”

“ती कढईची चव आहे.”

“कढईची नाही गं. तुझ्या खेपेची आहे.”

“आणि तू शेजारी उभी असतेस!” माझा आवाज चढला. “डोळ्यांदेखत कांदा करपतो आणि तू ढवळत नाहीस?”

“तुझ्या कढईला हात लावायचा नाही, असं तूच सांगितलंयस.”

ती हे मला टोचून म्हणाली असती तर मी भांडले असते. पण तिने ते अगदी साधं सांगितलं, दूध कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. आतून करपल्याचा वास यायला लागला. “आलेच,” म्हणत ती धावली, पाणी मारलं, ढवळलं. मी तिच्यामागोमाग कधी आत गेले ते मला कळलंही नाही. आत जावंच लागतं. समोर कांदा धरतोय म्हटल्यावर आमच्यातला कोणी दाराशी उभा राहू शकत नाही.

तेवढ्यात टोपीवाला स्वतः पुढच्या दाराने आला. टोपीसकट. “पाहुणे लवकर येतायत, गाडी अर्ध्या तासात—” असं म्हणता म्हणता त्याला मी दिसले. त्याने माझ्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली आणि आल्या पावली बाहेर गेला.

“अर्धा तास!” धाकटी ओरडली. “भाज्या चढवा! सूप कोण बघतंय?” सूप कोणीच बघत नव्हतं. सूपवाला सुट्टीवर होता. तिने खुंटीवरचा एप्रन ओढला आणि माझ्या हातात कोंबला. “ताई, भांडायचंय तर जेवण गेल्यावर भांड. मी कुठे पळून जात नाही. आत्ता ते ढवळ.”

मी, माझ्या बाहेर जायच्या चांगल्या कपड्यांत, टोपीवाल्याच्या स्वयंपाकघरात, टोपीवाल्याचं सूप ढवळायला लागले. टोमॅटोचं सूप, माझ्या कमरेला लागेल एवढं पातेलं. तळाला लागू नये म्हणून कालथा सारखा फिरवावा लागत होता. भांडणही थांबवता येत नव्हतं, तेव्हा आम्ही हात चालवता चालवता भांडलो.

“कधीपासून चाललंय हे?”

“उन्हाळ्यापासून. आच कमी कर थोडी.”

“मला शिकवू नकोस. काय कमी होतं गं तुला माझ्याकडे?”

“काही नाही.”

“मग?”

ती ट्रेमध्ये भाज्या रचत होती. रचायची थांबली नाही. “इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी उभी आहे, ताई. मी एकदा तरी मीठ घातलंय? एकदा? आठवून सांग.”

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं.

“खारट झालं असतं तर?” मी म्हणाले.

“झालं असतं एखाद्या वेळी. तुझंही झालंच असेल की सुरुवातीला.”

“तू मला सांगितलं असतंस तर—”

“सांगितलं होतं. दोनदा. तू म्हणालीस, ‘आज मोठी ऑर्डर आहे, पुढच्या वेळी बघू.’ तुझ्याकडे रोजच मोठी ऑर्डर असते.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “तू मला सगळं शिकवलंस. कोणी विचारलं तर मी तुझंच नाव सांगते, इथेही. पण तुझ्याकडे मी मरेपर्यंत कांदाच चिरत राहिले असते.”

“परत येणार नाहीस म्हणजे?”

“घरी येईन. जेवायला येईन. तू भांडून दार लावून घेतलंस तर मागच्या दाराने येईन. कामाला नाही येणार. महिनाअखेरीपर्यंत सकाळचं करीन, तोवर तू कोणीतरी बघ.” आणि मग ट्रे उचलता उचलता, “मी सांगणारच होते गं. पण तू त्याआधीच शोधून काढशील हेही माहीत होतं.”

मला रडू येत होतं आणि ते सूपात पडू नये म्हणून मी चेहरा एकीकडे वळवला. बहिणीला चोर ठरवायला आले होते मी. तिने काय चोरलं होतं? मी तासन्‌तास शेजारी उभं करून ठेवलं, तेव्हा जे डोळ्यांना दिसलं तेवढंच. आणि माझ्या हाताची म्हणून मी जी चव इतकी वर्षं मिरवली, ती तुफानवर पहारा करताना झालेली चूक होती. तीही धाकटीलाच कळली होती, मला नाही.

सूप उकळीला आलं. मी सवयीने चमचा घातला आणि चव बघितली. चांगलं होतं. मीठ कमी होतं.

मिठाचा डबा माझ्यासमोर हाताच्या अंतरावर होता. झाकण उघडं. माझा हात उठला आणि हवेतच राहिला. ते माझं स्वयंपाकघर नव्हतं. इथे कोणी आधी घातलंय, कोणी नंतर घालणार आहे, मला काय माहीत? विचारायला हवं होतं. रोज शेजारी उभं राहून, चव कळत असताना, हात खाली ठेवून वाट बघायची म्हणजे काय, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. सूप उकळत होतं आणि मी बघत होते.

“शेफ,” मी हाक मारली. टोमणा म्हणून मारायला गेले, पण निघाला तो टोमणा नव्हता. “सूपात मीठ कमी आहे.”

ती पलीकडे ट्रेवर झाकणं लावत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

“मग घाल ना,” ती म्हणाली.

मी मूठ भरली आणि घातलं. ढवळलं. पुन्हा चव बघितली, बरोबर होतं, तरी परत एकदा बघितली. मग कालथा धरून उभी राहिले. आता ती येईल, चमचा बुडवेल, डोळे मिटून बघेल, असं मला वाटत होतं. एवढं मोठं पातेलं, तिकडे पाहुणे यायला लागलेले, आणि मीठ घालणारी तिच्याशी भांडायला आलेली. मी असते तर बघितलं असतं.

ती आली नाही. दोघंजण आले, त्यांनी झाकण घट्ट बसवलं, पातेलं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं.